जांभा कोणत्या शास्त्राचा?

रत्नागिरी जिल्ह्यात किनारपट्टी सोडून थोडे वर चढले की जे सपाट, उन्हाळ्यात काळवंडलेले आणि पावसाळ्यात गवताने हिरवे होणारे पठार लागते, ते स्थानिक बोलीत ‘सडा’ म्हणून ओळखले जाते. सड्यावरचा उघडा खडक हा ‘कातळ’, तो कापून काढलेला घडीव ठोकळा हा ‘चिरा’, आणि त्याच खडकाच्या झिजेतून उतारांवर साचलेली तांबडी माती ही ‘जांभी माती’. पाठ्यपुस्तके, सरकारी अहवाल आणि नकाशे यांत मात्र या चारही गोष्टींवर बहुधा एकच शब्द येऊन पडतो. तो म्हणजे जांभा, किंवा त्याचे आंतरराष्ट्रीय नाव लॅटराइट. बोलीने जे भेद आधीपासून राखले होते ते एका शब्दात कोंबून टाकल्यावर, तेच भेद पुन्हा मोकळे करून घेण्यात निरनिराळ्या शास्त्रांची शंभराहून अधिक वर्षे गेली, आणि ते काम आजही पुरते संपलेले नाही.

संज्ञा, म्हणजे शास्त्राने ठरावीक अर्थ बांधून दिलेला शब्द, ही एकार्थी असावी अशी सर्वसाधारण समजूत असते. ती एका शास्त्राच्या हद्दीत बऱ्याच अंशी खरी ठरते. हद्द ओलांडली की तोच शब्द दुसऱ्याच कामाला जुंपलेला दिसतो. येथे केवळ योगायोगाने जुळलेले शब्द बाजूला ठेवावे लागतात. उदाहरणार्थ, जांभा नावाचा एक वृक्षही आहे, वनस्पतिशास्त्रात तो झायलिया झायलोकार्पा या नावाने ओळखला जातो, आणि त्याचा या खडकाशी असलेला संबंध नावापुरताच आहे. लॅटराइटची गोष्ट निराळी आहे, कारण येथे सगळी शास्त्रे एकाच पदार्थाकडे बोट दाखवतात आणि तरीही वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. प्रत्येक जण त्या पदार्थाचा आपल्या कामाला लागणारा गुण उचलतो आणि त्या गुणालाच व्याख्या बनवतो.

हा शब्द जन्मला तो मुळात बांधकामाच्या निरीक्षणातून. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस ब्युकॅनन याने १८००-०१ मध्ये मद्रासहून निघून म्हैसूर, कॅनरा आणि मलबार या प्रदेशांचा पाहणी-दौरा केला आणि त्याचा वृत्तांत १८०७ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. मलबारमधील अंगाडीपुरम, म्हणजे आजच्या केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातील गाव, येथे त्याला असा एक सच्छिद्र, लोहयुक्त, थर नसलेला पदार्थ आढळला की जो जमिनीत असताना लोखंडी हत्याराने सहज कापता येई आणि उघड्यावर ठेवल्यावर कठीण होऊन विटेसारखा वापरता येई. विटेला लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणतात, त्यावरून त्याने लॅटराइट हे नाव दिले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७९ मध्ये त्या ठिकाणी स्मारक उभारले. ब्युकॅननच्या वर्णनात रंग, छिद्रे आणि लोह यांचा उल्लेख असला तरी त्याच्या नावाचा आधार एकच होता, आणि तो म्हणजे कापताना मऊ व नंतर टणक होण्याचा गुण. हा पदार्थ कशापासून बनला आणि त्यात कोणते घटक किती, हे प्रश्न त्याच्या व्याख्येत आलेच नाहीत.

ते प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रसायनशास्त्राच्या बाजूने आले. कोकणातला जांभा ज्या काळ्या पाषाणापासून, म्हणजे बेसॉल्टपासून बनला, त्यात जवळजवळ निम्मे प्रमाण सिलिकाचे, म्हणजे वाळूच्या मूळ घटकाचे असते. उष्ण आणि भरपूर पावसाच्या हवामानात खडकात मुरणारे पाणी आधी चुना, मॅग्नेशियम, सोडियम आणि पोटॅशियम विरघळवून नेते, पुढे सिलिकाही हळूहळू वाहून जाते, आणि पाण्यात सहसा न विरघळणारी लोहाची व ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरतात. पावसाळा आणि कोरडा उन्हाळा यांच्या आवर्तनात भूजलाची पातळी वरखाली होत असताना ही संयुगे साकळतात आणि खडकाचा कठीण सांगाडा तयार होतो. तांबडा रंग हा त्यातील लोहाच्या ऑक्साइडांचा. या दृष्टीने पाहणाऱ्याला जांभा हा ‘कापता येणारा दगड’ उरत नाही. सारे काही धुऊन गेल्यावर मागे राहिलेला शेष, अशी त्याची ओळख बनते.

मॅक्स बाउअर या जर्मन संशोधकाने १८९८ मध्ये सेशेल्स बेटांवरील लॅटराइटचे पृथक्करण करून त्यात ॲल्युमिनियमची जलयुक्त ऑक्साइडे मोठ्या प्रमाणात असल्याचे दाखवले, आणि तेव्हापासून लॅटराइट कोठे संपते व बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचे धातुक, कोठे सुरू होते हा वाद उभा राहिला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील टी. एच. हॉलंड यांनी १९०३ मध्ये रासायनिक बाजू उचलून धरली. त्यानंतर १९०९ ते १९११ या काळात लंडनच्या ‘जिऑलॉजिकल मॅगझिन’मध्ये मलायात काम करणारे स्क्रिव्हेनर, लंडनचे इव्हान्स आणि भारतातले फर्मर यांच्यात केवळ या शब्दाच्या अर्थावरून लेखांची चकमक झाली. फर्मर यांच्या १९११ मधील लेखाचे शीर्षकच ‘लॅटराइट म्हणजे काय?’ असे होते, आणि त्यांनी खडकातील लॅटराइटी घटकांचे शेकडा प्रमाण मोजून नावे द्यावीत अशी योजना मांडली. या योजनेचा परिणाम थोडा विनोदी होता. हत्याराने कापून घरे बांधण्याजोगा दगड प्रयोगशाळेत नापास होऊ शके आणि ज्याचा एकही चिरा निघणार नाही असा भुसभुशीत गोळा उत्तीर्ण होऊ शके.

महाराष्ट्रात हा प्रश्न कागदावरचा राहिलेला नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी आणि शाहूवाडी तालुक्यांतील उंच पठारांवर, तसेच रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली-मंडणगड भागात, जांभ्याच्याच आवरणात बॉक्साइट सापडते. डोळ्यांना दोहोंत फारसा फरक जाणवत नाही. सीमा आखली जाते ती ॲल्युमिनाच्या टक्केवारीने, आणि ती टक्केवारी किती असावी हे निसर्गाइतकेच धातू गाळण्याचे तंत्र आणि बाजारभाव ठरवतात. भूशास्त्रज्ञ आणखी एक भेद मानतात तो जागेचा. सह्याद्रीच्या माथ्यावरील, कासच्या पठारासारखा उंचीवरचा जांभा वेगळा आणि रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यालगतचा सखल जांभा वेगळा. शिवाय मूळ खडकाच्या जागीच तयार झालेला एक प्रकार आणि झिजलेले तुकडे वाहत येऊन पुन्हा साकळल्याने झालेला दुसरा. त्यामुळे रत्नागिरीत विहीर खोदताना जांभ्याखाली पांढरट चिकणमाती आणि क्वचित लिग्नाइटचे, म्हणजे कच्च्या कोळशाचे, पापुद्रे लागतात, तेव्हा भूशास्त्रज्ञाला त्यात पुरातन जलाशयांचा इतिहास दिसतो, तर विहीर खोदणाऱ्याला पाणी बिघडण्याची भीती वाटते.

मृदाशास्त्राने, म्हणजे मातीच्या शास्त्राने, हा शब्द घेतला तेव्हा गोंधळ खऱ्या अर्थाने वाढला. या शास्त्राचा विषय खडक नसून वनस्पतींची मुळे ज्यात वाढतात तो थर आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उष्णकटिबंधातील जवळपास प्रत्येक तांबड्या मातीला ‘लॅटराइटी’ म्हणण्याची प्रथा पडली. मातीतील चिकण कणांत सिलिका आणि ॲल्युमिना यांचे गुणोत्तर किती यावर मार्टिन आणि डॉइन यांनी १९२७ मध्ये एक कसोटी सुचवली, आणि टणक होण्याचा मूळ गुण मागे पडला. अमेरिकी मृदाशास्त्रज्ञ चार्ल्स केलॉग यांनी १९४९ च्या सुमारास अशा मातींसाठी ‘लॅटोसोल’ हा नवा शब्द काढला. १९६० मध्ये अमेरिकी कृषी खात्याने मातीच्या वर्गीकरणाचा नवा आराखडा मांडला तेव्हा लॅटराइट हा शब्दच वगळला. लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेल्या जुन्या मातीसाठी ‘ऑक्सिसोल’ आणि वारंवार भिजून-सुकून कायमच्या टणक होणाऱ्या थरासाठी ‘प्लिंथाइट’ अशी दोन स्वतंत्र नावे त्यात होती. ग्रीक भाषेत ‘प्लिंथॉस’ म्हणजे वीट. दीडशे वर्षे फिरून मृदाशास्त्र ब्युकॅननच्याच लक्षणापाशी आले, फक्त लॅटिन विटेऐवजी ग्रीक वीट हाती घेऊन.

हा खटाटोप निव्वळ शब्दच्छल म्हणून सोडून देता येत नाही. लॅटराइट हा शब्द खडकालाही लागू आणि मातीलाही लागू, अशी स्थिती असताना १९६४ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये मेरी मॅकनील यांचा एक गाजलेला लेख आला. उष्णकटिबंधातील जंगल तोडून शेती केल्यास तेथील लॅटराइटी माती काही वर्षांत दगडासारखी होते, असा इशारा त्यात होता, आणि तो पुढे अनेक पुस्तकांत जसाच्या तसा उतरला. टणक होण्याचा गुण प्रत्यक्षात प्लिंथाइट असलेल्या मर्यादित क्षेत्रापुरता होता, हे सांचेझ आणि ब्युओल यांनी १९७५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात स्पष्ट केले. परंतु तोवर एका शास्त्राच्या अर्थातून निघालेला निष्कर्ष दुसऱ्या शास्त्राच्या अर्थाने व्यापलेल्या साऱ्या प्रदेशाला चिकटला होता. शब्द तोच राहिल्यामुळे मध्ये अर्थ बदलला हे बहुतेकांच्या लक्षात आले नाही, आणि बहुअर्थी शब्दाचा खरा धोका येथेच असतो. दोन शास्त्रे उघडपणे भांडत असतील तर नुकसान फारसे होत नाही. ती एकमेकांशी सहमत असल्याचा भास होतो तेव्हा मात्र ते होते.

कोकणच्या शेतीत जांभी माती म्हणजे आम्लधर्मी, चुना कमी असलेली आणि स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, धरून ठेवणारी माती. ‘धरून ठेवणारी’ हा येथे दोष आहे, कारण मातीतील लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे घातलेल्या खतातील स्फुरद जखडून टाकतात आणि तो मुळांना सहज मिळत नाही. म्हणून सेंद्रिय खतावर भर दिला जातो. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या संशोधनात जांभा येतो तो या संदर्भात. मात्र रत्नागिरी हापूसच्या कित्येक बागा मातीत नव्हे तर चक्क कातळावर उभ्या आहेत. सुरुंग लावून खडक फोडायचा, खड्ड्यात दुसरीकडून आणलेली माती आणि शेणखत भरायचे आणि कलम लावायचे, अशी ही लागवड असते. कृषी अहवालात अशा बागेची जमीन ‘जांभी’ म्हणून नोंदली जाते आणि शेजारच्या भातखाचरावरच्या उताराची जमीनही ‘जांभी’च असते, पण पहिल्या ठिकाणी जांभा हे भांडे आहे आणि दुसऱ्या ठिकाणी तो त्यातला ऐवज आहे.

स्थापत्य अभियांत्रिकीने, निदान बांधकामापुरता, ब्युकॅननचा अर्थ जवळजवळ अबाधित ठेवला आहे. भारतीय मानक ३६२० हे जांभ्याच्या चिऱ्यांसाठी असून त्याची मुख्य पृच्छा चिरा दर चौरस मिलिमीटरला किमान ३.५ न्यूटन दाब सोसतो का आणि वजनाच्या १२ टक्क्यांहून अधिक पाणी शोषत नाही ना, एवढीच आहे. चिरेखाणीतील कामगाराचे वर्गीकरण याहून बारीक असते. सर्वांत वरचा टणक, वेडावाकडा कातळ टाकाऊ, त्याखालचा एकसारखा थर चिऱ्यांसाठी उत्तम, आणि आणखी खाली गेले की दगड ‘मातकट’ होऊन चिरा सुटतानाच तुटतो. पूर्वी कुदळ-पहारीने होणारे हे काम आता रुळांवरून सरकणाऱ्या गोल पात्याच्या यंत्रांनी होते आणि ताजे चिरे वापरण्यापूर्वी उघड्यावर वाळवले जातात. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याच्यासाठी १९१० च्या सुमारास रत्नागिरीत बांधलेला राजवाडा याच तांबड्या दगडाचा आहे. आफ्रिकेत मात्र रस्तेबांधणी करणारा अभियंता लॅटराइट म्हणतो तेव्हा त्याच्या मनात चिरा नसतो, तर कच्च्या रस्त्यावर पसरून दाबायचा तांबडा मुरूम असतो.

छिद्रांचे उदाहरण घेतले तर हा दृष्टिभेद एकदम उघडा पडतो. गवंड्याच्या दृष्टीने छिद्रे हा दगडाचा दुबळेपणा आहे, आणि म्हणून भिंतीला गिलावा लागतो. भूजलशास्त्रज्ञ त्याच छिद्रांमुळे जांभ्याला जलधर, म्हणजे पाणी साठवणारा व वाहू देणारा थर, म्हणतो; पण पाणी जितक्या सहज मुरते तितक्याच सहज सड्याच्या कडांवरील झऱ्यांतून निघूनही जाते, आणि ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यातील वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागण्याचे एक मोठे कारण हेच आहे. वनस्पतिशास्त्रज्ञाला तेथे तिसरेच काही दिसते. कातळावरील उथळ खळग्यांत पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरती डबकी तयार होतात आणि त्यांत गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू अशा लहानशा वनस्पती उगवतात. यांपैकी शेवटच्या दोन कीटकभक्षी आहेत, कारण या खडकात नत्र जवळजवळ नसते. गेंदाच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात रत्नागिरीचेच नाव आहे. दिपकाडी कोंकणेन्स ही पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय वनस्पती प्रामुख्याने याच सखल सड्यांवर वाढते. परिसंस्थाशास्त्रात जांभ्याचे पठार म्हणजे जगात फार थोड्या ठिकाणी असलेला एक स्वतंत्र अधिवास.

महसुली कागदांत हीच जमीन ‘पोटखराबा’ असते, म्हणजे सातबाऱ्यावर लागवडीस अयोग्य म्हणून आकारणीतून वगळलेले क्षेत्र. ‘खराबा’ हा शब्द येथे केवळ इतकेच सांगतो की या तुकड्यावर सारा बसवू नये. केंद्र सरकारने २००० मध्ये काढलेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात उघड्या खडकाळ जमिनी ओसाड वर्गात गेल्या. तेथेही निकष लागवडीचाच होता. पुढे मात्र प्रकल्पांच्या जागा निवडताना ‘खराबा’ किंवा ‘ओसाड’ याचा अर्थ ‘जेथे गमावण्यासारखे काही नाही’ असा घेतला गेला. डॉ. अपर्णा वाटवे यांच्यासारख्या परिसंस्था-अभ्यासकांचा आक्षेप मुळात या अर्थांतरालाच आहे, आणि तो योग्यच म्हणावा लागतो; सारा न बसणे ही तलाठ्याची बाब आहे, तीवरून वनस्पतींविषयी काहीच सिद्ध होत नाही.

कायद्याची पद्धत याहून चमत्कारिक. १९५७ च्या खाण व खनिज कायद्यानुसार इमारतीचा दगड हे आधीपासूनच गौण खनिज होते, त्यामुळे चिरा राज्य सरकारच्या नियमांखाली येई. परंतु लॅटराइट या नावाने उद्योगासाठी काढलेला तोच पदार्थ प्रमुख खनिजांत मोडे. १० फेब्रुवारी २०१५ रोजी केंद्राने ३१ खनिजे गौण ठरवली, त्या यादीत लॅटराइट आले आणि ही दुहेरी ओळख संपली. मातीच्या बाबतीत मात्र ती टिकून आहे. फेब्रुवारी २००० च्या अधिसूचनेनुसार साधी माती भराव घालण्यासाठी किंवा सपाटीकरणासाठी वापरली तर ती गौण खनिज होते. पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने नेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये नेमक्या या वापराच्या अटीवरच बोट ठेवले. पायासाठी खणलेली माती खनिज आहे की नाही, हे मातीकडे पाहून ठरत नाही, तिचे पुढे काय केले यावरून ठरते.

पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी सड्याला आणखी एक अर्थ दिला. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांच्या शोधमोहिमांमुळे गेल्या दशकात कातळावर कोरलेल्या आकृत्या मोठ्या संख्येने उजेडात आल्या, आणि २०२२ मध्ये उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी व गोव्यातील फणसायमाळ ही नऊ ठिकाणे युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. यादीत त्यांना ‘जिओग्लिफ’, म्हणजे भूमीवर रेखाटलेली भव्य आकृती, असे म्हटले आहे. काही अभ्यासक मात्र ‘पेट्रोग्लिफ’, म्हणजे खडकात कोरलेली आकृती, हा शब्द पसंत करतात. पहिला शब्द घेतला की पेरूमधील नाझ्काच्या रेषांशी तुलना सुरू होते, दुसरा घेतला की जगभरच्या प्रागैतिहासिक खडक-कलेशी. कशेळीच्या सुमारे १८ मीटर लांबीच्या हत्तीसारख्या चित्राकडे पाहता पहिल्याची ओढ समजते, तर हातभर लांबीच्या माशाकडे पाहता दुसऱ्याची. मराठीतील ‘कातळशिल्प’ या शब्दाने हा वाद टाळला आहे, आणि परिभाषा म्हणून तो दोहोंपेक्षा नेमका आहे, कारण तो आकाराविषयी काही न बोलता आकृती कशात आहे ते सांगतो.

या नऊ ठिकाणांपैकी राजापूर तालुक्यातील बारसूच्या सड्यावर एप्रिल २०२३ मध्ये प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी जे काम मोठ्या पोलीस बंदोबस्तात आणि ग्रामस्थांच्या विरोधात सुरू झाले, त्याला सरकारी पत्रकांपासून वृत्तपत्रांच्या मथळ्यांपर्यंत सर्वत्र ‘माती परीक्षण’ असे म्हटले गेले. कोकणातील शेतकऱ्याला हा शब्द परिचित आहे तो कृषी खात्याकडून. शेतात जागोजागी वीतभर खोलीचे खड्डे घ्यायचे, त्यांतील माती मिसळून अर्धा किलोचा नमुना पिशवीत भरायचा, आणि प्रयोगशाळेतून सामू, नत्र, स्फुरद, पालाश यांचे आकडे मिळवायचे. भूतंत्र अभियांत्रिकीत, म्हणजे पायाखालच्या जमिनीचा विचार करणाऱ्या शाखेत, माती याचा अर्थ पक्क्या खडकाच्या वर असलेले सर्व सुटे किंवा अर्धवट साकळलेले द्रव्य असा आहे, मग त्यात गवताचे पाते उगवो वा न उगवो. कार्ल टेर्झागी यांच्या १९२५ मधील ग्रंथापासून या अर्थाचे स्वतंत्र शास्त्र उभे राहिले. त्याच्या परीक्षणात भोक पाडून ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकला जातो आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजले जाते; नळी जेथे शिरतच नाही तेथे खडकाचा गाभा कापून काढतात. अशा परीक्षणातून जमीन किती भार पेलेल हे कळते. तिच्यात काय पिकेल हा त्या परीक्षणाचा प्रश्नच नसतो. बारसूत यंत्रे लागली ती ज्या पृष्ठभागावर, तेथे शेतकऱ्याच्या अर्थाने माती अनेक ठिकाणी बोटभरही नव्हती.